चकली दीड किलो आणि खाली सोळा आकडे

माझ्या फराळाच्या धंद्याची पहिली वही मी कात्रीनं बारीक बारीक कापून कचऱ्यात टाकली आणि आई अजून त्यावरून मला ऐकवते. वही साधीच, दोनशे पानी, सांगलीहून येताना बॅगेतून आलेली. पुढून ऑर्डरी लिहायच्या आणि मागच्या पानांवर आईनं फोनवर सांगितलेली प्रमाणं. आता ऑर्डरी म्हणजे कशा, तर "हॅरोचे काका, चकली दीड किलो, चिवडा १ किलो, बेसन लाडू २०, शुक्रवार" आणि त्याच्याच खाली सोळा आकडे, पुढे कार्ड संपायची तारीख, आणि त्याच्यापुढे कार्डाच्या मागचे तीन आकडे. असे साठेक लोकांचे. आणि ही वही कुठं, तर ओट्यावर, तेलाच्या डब्याला टेकून उभी.

आता लिहितानासुद्धा पोटात गोळा येतो, पण तेव्हा खरं सांगते काहीच वाटलं नव्हतं. लोक फोन करत होते, नंबर सांगत होते, मी लिहून घेत होते, रात्री मुलं झोपली की एकेक नंबर लॅपटॉपवर टाकून पैसे घेत होते. सरळ काम.

मी इंग्लंडात रेडिंगला राहते. फराळाचं २०२१ ला सुरू केलं, आधी घरातूनच, इथं त्यासाठी कौन्सिलकडं अठ्ठावीस दिवस आधी नोंदणी करावी लागते ती केली, मग इन्स्पेक्टर येऊन फ्रीज उघडून बघून गेला वगैरे. गणपतीत मोदक, दिवाळीत फराळ, मधल्या शनिवारी पुरणपोळ्या. पहिल्या वर्षी ओळखीपाळखीतल्या ऑर्डरी, त्यांचे पैसे बँकेत थेट यायचे, काही प्रश्न नव्हता. मग कुणीतरी कुणाला सांगितलं, आणि जी पिढी इथं सत्तरच्या दशकात डॉक्टर म्हणून आली, आता रिटायर होऊन मोठमोठ्या घरात दोघंदोघं किंवा एकएकटी राहते, त्यांचे फोन सुरू झाले. आणि या पिढीचं एक पक्कं असतं. फोन करणार, दहा मिनिटं कुठल्या गावची, कुणाची कोण हे विचारणार, मग ऑर्डर देणार, आणि मग म्हणणार, "हं, घे आता कार्ड नंबर लिहून."

वेबसाइट आहे हो काका, लिंक पाठवते, त्यावर भरा. "लिंक? बँकेनं सांगितलंय कुठल्याही लिंकवर क्लिक करायचं नाही." आता यावर काय बोलणार, बँकेनं बरोबरच सांगितलंय. बरं माझेही हात त्यावेळी उकडीत नाहीतर तेलात असतात, त्यामुळं मलाही फोनवर उरकलं की बरं वाटायचं.

आईला मी पहिल्यांदा सांगितलं की इथं लोक फोनवर कार्डाचा नंबर सांगतात आणि मी पैसे घेते, तर ती गप्पच झाली. मग म्हणाली, "आणि ओटीपी?" म्हटलं ओटीपी नाही. "नाही म्हणजे?" नाही म्हणजे नाही, नंबर, तारीख, तीन आकडे, झालं. ती म्हणाली, "अगं मग हे ते फोन करून लुबाडणारे करतात तेच की."

तिचं चूक नव्हतं. भारतात आपल्या डोक्यात इतकं भिनवलंय की फोनवर कुणाला कार्डाचं काही सांगायचं नाही, रिझर्व्ह बँकेनं त्यासाठी अमिताभ बच्चनला टीव्हीवर उभं केलं होतं. आणि तिथं नियमही तसेच आहेत. ऑनलाइन कार्ड वापरताना नंबराशिवाय अजून एक खात्री पाहिजेच हे रिझर्व्ह बँकेनं २००९ च्या ऑगस्टपासूनच सक्तीचं केलं, पुढं २०११ ला फोनवर आयव्हीआरनं, म्हणजे मशीनचा आवाज सांगेल तशी बटणं दाबून, होणाऱ्या व्यवहारांनाही तेच लावलं. म्हणजे सांगलीतल्या एखाद्या फराळवाल्या बाईला फोनवर नुसता कार्ड नंबर घेऊन पैसे कापायचे म्हटले तरी जमणार नाही, समोरच्याच्या मोबाइलवर ओटीपी जाणारच. शिवाय ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारानं कार्ड नंबर साठवून ठेवायचीसुद्धा सोय काढून टाकली. आणि मुळात आता तिथं कार्ड कोण विचारतंय, आईच्या गल्लीतला भाजीवाला क्यूआर लावून बसतो आणि ते डबडं ओरडतं, पन्नास रुपये मिळाले. त्याला त्याचा एक पैसा कापला जात नाही. मी आईला म्हटलं माझे प्रत्येक व्यवहाराला अडीच टक्के जातात, तर तिला कार्ड नंबरापेक्षा त्याचाच जास्त धक्का बसला.

इथली गंमत वेगळी आहे. मार्च २०२२ पासून इथंही ऑनलाइन खरेदीला बँकेचं ॲप उघडून हो म्हणायला लागतं, किंवा कोड येतो, म्हणजे आपल्या ओटीपीसारखंच. पण फोनवरून किंवा पत्रानं दिलेली ऑर्डर या नियमात बसतच नाही. का, तर समोरचा माणूस स्क्रीनसमोर नाहीच, तो फोनवर बोलतोय, त्याला कुठं कोड टाकायला सांगणार. त्याला धंद्याच्या भाषेत मोटो म्हणतात, मेल ऑर्डर टेलिफोन ऑर्डर. माझ्या पहिल्या स्टेटमेंटवर ओळीनं मोटो मोटो मोटो लिहून आलं तेव्हा मला वाटलं दुसऱ्या कुणाच्या मोटरसायकलच्या दुकानाचं स्टेटमेंट मला आलंय.

करायचं कसं, तर पेमेंट कंपनीकडून 'व्हर्च्युअल टर्मिनल' घ्यायचं. नाव मोठं, पण ते एक वेबपेज आहे. लॉगिन करायचं, रक्कम टाकायची, नंबर टाकायचा, तारीख, तीन आकडे, घर नंबर आणि पोस्टकोड, आणि बटण दाबायचं. दुकानात मशीनवर कार्ड टॅप केलं तर मला पावणेदोन टक्क्यांच्या आसपास पडतं, तेच हातानं नंबर टाकला की अडीच. जास्त का, तर धोका जास्त. आणि तो जास्तीचा खर्च गिऱ्हाइकाच्या डोक्यावर टाकायचा नाही, कार्डानं पैसे दिले म्हणून साध्या गिऱ्हाइकाकडून वर काही घ्यायला इथं जानेवारी २०१८ पासून बंदी आहे. म्हणजे अडतीस पाउंडाच्या डब्यामागं साधारण पंच्याण्णव पेनी माझ्या गेल्या. चार चकल्या समजा.

आता नंबर सांगण्याची तऱ्हा. इंग्लिश माणूस नंबर सांगतो तो डबल फोर, ट्रिपल सेव्हन असा. आपले काका-काकू मात्र जोडीजोडीनं मराठीत सांगतात. "घे. शेहेचाळीस. एकोणसाठ. त्र्याऐंशी." आता मी मराठी शाळेत शिकलेय, पण इतकी वर्षं इथं राहून एकोणसाठ ऐकल्यावर हात आधी सहावर जातो, मग आठवतं की अरे पाचावर नऊ. त्र्याहत्तर आणि त्र्याऐंशीचं तर विचारूच नका. आणि समोर झारा. एकदा सदुसष्टचं सत्याहत्तर केलं आणि त्या वेबपेजनं लगेच लाल रेघ दाखवली, बँकेपर्यंत गेलंसुद्धा नाही. मला नवल वाटलं की याला कसं कळलं. नवरा आयटीत आहे, त्यानं सांगितलं की कार्डाचा शेवटचा आकडा आधीच्या सगळ्या आकड्यांवरून हिशेब करून ठरवलेला असतो, हान्स पीटर लुन म्हणून आयबीएममधल्या एकाने ही युक्ती काढली, तिचं पेटंट १९६० सालचं आहे. एक आकडा चुकला की हिशेब जुळत नाही. शेजारचे दोन आकडे उलटे झाले तरी बहुतेकदा पकडतं, फक्त शून्य-नऊचं नऊ-शून्य झालं तर नाही. म्हणजे काकांनी 'नव्वद' म्हटलं आणि मी गडबडीत शून्य-नऊ टाकलं तर लुनसाहेबही काही करू शकत नाहीत.

बरं, ऐकलेला नंबर बरोबर आहे का हे बघायला मी काय करायची, तर मोठ्यानं परत म्हणायची. "चार सहा पाच नऊ, बरोबर ना काका?" एव्हाना मी घरातून निघून एका कम्युनिटी हॉलचं किचन भाड्यानं घेतलं होतं, शेजारच्या ओट्यावर एक पोलिश बाई केक करायची, खिडकीपाशी डबे न्यायला आलेले लोक उभे, आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात काकांचं कार्ड वाचून दाखवतेय, तीन आकड्यांसकट. त्या पोलिश बाईनंच एक दिवस हळूच सांगितलं, की अगं, मला आता तुझ्या त्या गिऱ्हाइकाचा नंबर पाठ झालाय.

त्याच रात्री नवऱ्यानं वही बघितली. तो एरवी माझ्या धंद्यात पडत नाही. पण दोन पानं उलटली आणि त्यानं वही बंद करून दोन्ही हात तिच्यावर ठेवले, जसं काही ती उडून जाणार आहे. तो म्हणाला की नंबर लिहून ठेवणं हेच वाईट, पण ते मागचे तीन आकडे, ते कुठंच ठेवायचे नसतात, कागदावर नाही, कॉम्प्युटरवर नाही, कुलूप लावूनसुद्धा नाही. एकदा पैसे मंजूर झाले की ते आकडे विसरायचे. कारण त्या आकड्यांचा उपयोगच हा, की सांगणाऱ्याच्या हातात या क्षणी कार्ड आहे असं समजावं. ते वहीत पडून असले की मग ही वही म्हणजेच साठ लोकांची कार्डं. सुटसुटीत गठ्ठ्यात, वर नावं-पत्ते, आणि कोण कुठल्या शुक्रवारी घरी असणार हेही लिहिलेलं.

त्या रात्री दोघांनी बसून कापली. श्रेडर नव्हता तेव्हा. दीड वाजेपर्यंत. आणि दुसऱ्या दिवशी आईला फोन केला की भाजणीचं प्रमाण परत सांग, तर म्हणाली, "वहीत आहे की." मग सगळी कथा सांगावी लागली. "अगं, नंबर कापायचे, माझं पान कशाला कापलंस?" चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद डाळ, अर्धी मूग डाळ, धणे जिरे. हे सांगताना दर वाटीला एक टोमणा.

वही गेली, पण नंबर काही यायचे थांबले नाहीत, ते दुसरीकडून यायला लागले. एका काकूंनी आन्सरिंग मशीनवर सगळं सांगून ठेवलं, तीन आकड्यांसकट, आणि शेवटी "पिन पण सांगू का गं?" असं मशीनलाच विचारलं. दुसऱ्या एकीनं सोय म्हणून कार्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकले. मी बघून डिलीट केले, मला वाटलं झालं. पण माझ्या फोनवरचे फोटो आपोआप वर क्लाउडमध्ये जातात, आणि आमच्या घरी हॉलमध्ये ती घरातले फोटो आलटून-पालटून दाखवणारी स्क्रीन आहे. दोन दिवसांनी जेवायला पाहुणे बसलेले, आणि स्क्रीनवर मुलीचा वाढदिवस, मग सांगलीचा गणपती, मग त्या काकूंचं डेबिट कार्ड. मागची बाजू.

तेव्हापासून व्हॉट्सॲपवरचे फोटो आपोआप सेव्ह होणं बंद केलंय, आणि असं काही आलं की मी त्यावर पैसे घेतच नाही, फोन करायला सांगते. लोक चिडतात. "अगं तुला दिलाय ना नंबर!"

पण हे सगळं माझ्या हातून गिऱ्हाइकाचं नुकसान होऊ नये म्हणून. गिऱ्हाइकाच्या हातून माझं होईल हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

२०२३ ची दिवाळी. लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला रविवारी होतं, हा फोन त्याच्या आधीच्या मंगळवारचा. माणूस इंग्लिश बोलणारा, अतिशय गोड, म्हणाला ऑफिसात दिवाळी करायचीय, मोठे डबे बारा पाहिजेत. अडतीस पाउंडाला एक, म्हणजे चारशे छप्पन्न. मला आनंदच झाला. इथला नियम आहे म्हणून मी प्रत्येकाला फोनवरच सांगते की चिवड्यात शेंगदाणे, चकलीत तीळ, लाडवात काजू आणि दूध, करंजीत गहू, कुणाला ॲलर्जी आहे का, तर हा म्हणाला नाही नाही, कुणाला काही नाही. बारा डबे खाणाऱ्या ऑफिसात एकालाही काही नाही, आणि माझं विचारून संपायच्या आधीच उत्तर तयार! आपला माणूस असता तर निदान किंमत कमी कर म्हणाला असता. यानं किंमत विचारलीसुद्धा नव्हती, मीच सांगितली.

पहिलं कार्ड दिलं ते नाकारलं गेलं. "अरे हो, ते बहुतेक बंद झालंय, हे दुसरं घ्या." दुसरं चाललं. स्क्रीनवर हिरवं आलं, ऑथरायझेशन कोड, म्हणजे बँकेच्या मंजुरीचा नंबर, आला. त्याच्या खाली बारीक अक्षरात अजून दोन ओळी होत्या. तीन आकडे जुळले. पोस्टकोड जुळला नाही.

ही ओळ मी वाचली. हे मी अगदी खरं सांगते, वाचली, आणि मनात म्हटलं घर बदललं असेल. कढईत करंज्या होत्या.

पत्त्याचं ते तपासणं पण मजेशीर आहे, इथं त्यात अक्षरं बघतच नाहीत, फक्त आकडे. घर नंबर आणि पोस्टकोडमधले आकडे बँकेकडच्या पत्त्याशी ताडून बघतात आणि जुळलं, नाही जुळलं, तपासलं नाही, यातलं एक सांगतात. पण नाही जुळलं म्हणून पैसे थांबतीलच असं नाही. बँक नुसतं सांगते, ठरवायचं मी. आणि हिरवं आलं म्हणजे एवढंच, की त्या कार्डावर तेवढे पैसे आहेत आणि ते अजून कुणी बंद केलेलं नाही. ते कार्ड त्याचंच आहे असं त्यात कुठंच म्हटलेलं नसतं. मी मात्र इतके दिवस हिरवं म्हणजे पैसे मिळाले असंच समजत होते.

गुरुवारी एक टॅक्सीवाला आला, डबे घेऊन गेला. त्या बिचाऱ्याला काही माहीत असेल असं मला आजही वाटत नाही, त्यानं तर एक चकली चाखून छान आहे म्हटलं.

पेमेंट कंपनीचं पत्र आलं जानेवारीत, मी तिळाच्या वड्या थापत होते. इथं कार्डवाल्याला तक्रार करायला साधारण १२० दिवस असतात, त्यामुळं दिवाळीचे पैसे संक्रांतीला परत मागितले जाऊ शकतात हे तेव्हा कळलं. कुठल्यातरी बाईचं कार्ड होतं, तिनं बँकेला सांगितलं की मी असलं काही घेतलेलं नाही. खरंच घेतलेलं नव्हतं. चारशे छप्पन्न माझ्या खात्यातून गेलेच, वर या प्रकरणाची फी म्हणून वीस पाउंड. मला म्हणे पुरावा द्या. मी माझ्याकडं होतं ते सगळं पाठवलं, कॉल किती वाजता आला, टॅक्सीवाल्यानं डबे नेले त्याची सही, ऑथरायझेशन कोड. त्यांचं उत्तर तीन ओळींचं होतं. कार्ड समोर नव्हतं, पिन नाही, बँकेच्या ॲपवरची मंजुरी नाही, दुकानदार जबाबदार. डबे पोचले का नाही हा प्रश्नच नव्हता, कार्डवाल्या बाईनं हो म्हटलं होतं का हा होता, आणि तिनं म्हटलं नव्हतं.

मी दोन दिवस पेमेंट कंपनीवर चिडून होते. अडीच टक्के घेता ते जास्त धोका आहे म्हणून, मग धोका घ्या की! पण त्यांचं म्हणणं असं की तो धोका आम्ही घेतोय असं कुठं म्हटलं होतं, कराराच्या सोळाव्या पानावर बघा. बघितलं. होतं.

त्या बाईचा मात्र राग आला नाही. उद्या माझ्या कार्डावर कुणी बारा डबे मागवले तर मीही हेच करेन.

त्यानंतर मी काय बदललं ते सांगते, कारण गेल्या महिन्यात मिल्टन कीन्सहून एका मैत्रिणीनं, ती साड्या आणि ब्लाउजपीस विकते, मला हेच विचारलं. फोनवर कार्ड घेणं मी बंद केलेलं नाही. बंद केलं तर माझं निम्मं गिऱ्हाईक जाईल, आणि ते लोक कधी फसवत नाहीत, फसवणारे वेगळेच. पण दीडशे पाउंडाच्या वरची ऑर्डर आणि माणूस नवीन असेल तर फोनवर कार्ड नाही. लिंक पाठवते, त्यात त्याला त्याच्या बँकेच्या ॲपवर हो म्हणावं लागतं, आणि तसं झालं की पुढं "हे मी केलंच नाही" अशी तक्रार आली तर सहसा ती त्याच्या बँकेच्या अंगावर पडते, माझ्या नाही. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बारा डबे वाचले असते. लिंक नको तर बँकेत थेट पैसे टाका. तेही नको तर नमस्कार. पोस्टकोड जुळला नाही तर मी तिथंच फोनवर विचारते, आणि खरा माणूस असला की तो लगेच सांगतो, अहो कार्ड मुलाच्या पत्त्यावर आहे, हा घ्या पत्ता. खोटा असला की फोन ठेवतो. डबे टॅक्सीवाल्याच्या हातात द्यायचे नाहीत, फोनवर कार्ड दिलेलं असेल तर कार्डाच्याच पत्त्यावर पाठवायचे. आणि एकानंतर दुसरं कार्ड "हे ट्राय करा" असं आलं की गॅस बंद करून बसायचं आणि विचार करायचा.

एक मात्र मी सुरुवातीपासून पाळलं होतं ते बरं झालं, मी स्वतः फोन करून कुणाला कार्ड नंबर विचारत नाही. काही राहिलं असेल तर मी नुसतं सांगते, की डब्यावर माझा नंबर छापलाय त्यावर तुम्ही फोन करा. नाहीतर मी आणि ते लुबाडणारे यात काका-काकूंना फरक कसा कळणार.

पुढच्या दिवाळीत असलाच एक फोन आला. हा म्हणाला नऊशे पाउंड कार्डातून घ्या, त्यातले तीनशे तुमचे, उरलेले सहाशे माझ्या व्हॅनवाल्याच्या खात्यात टाका, तो कार्ड घेत नाही. मी म्हटलं हो हो, आणि फोन ठेवल्यावर पोलिश बाईला बोलावून सांगितलं, तर ती म्हणाली मलाही लग्नाच्या केकसाठी असाच आला होता, अगदी हाच व्हॅनवाला. चोरलेल्या कार्डातून आलेले नऊशे पुढं परत जाणार, आणि सहाशे माझे खरे गेलेले. नीट विचार केला तर हुशार आहेत.

वर्षाला एक प्रश्नपत्रिका पण भरावी लागते. कार्ड कंपन्यांनी मिळून नियम केलेत, पीसीआय म्हणतात, त्यात माझ्यासारख्या एकेक नंबर हातानं टाकणाऱ्यांसाठी वेगळा फॉर्म आहे. मी दोन वर्षं तो भरलाच नव्हता आणि त्याबद्दल दरमहा दंड कापला जात होता, स्टेटमेंटवर इतक्या बारीक ओळी असतात की मला ती कसली तरी भाड्याची रक्कम वाटायची. भरायला एक संध्याकाळ गेली. लॅपटॉप फक्त या कामाचा आहे का, मुलं त्यावर गेम खेळतात का, कागदावर नंबर लिहिता का, ते कागद कुठं ठेवता. शेवटच्या प्रश्नाला मी जरा थांबले. मोठ्या कॉल सेंटरमध्ये म्हणे गिऱ्हाईक स्वतःच फोनच्या बटणांवर नंबर दाबतं, घेणाऱ्याला नुसते टूं टूं आवाज ऐकू येतात, आकडा कळतच नाही. माझ्या धंद्याला ते परवडत नाही. माझी युक्ती एवढीच, की फोन आला की हात धुवायचे, मागच्या खोलीत लॅपटॉपपाशी जायचं, दार लावायचं, आणि नंबर सांगतील तसा थेट वेबपेजवर टाकायचा. कागद पेन त्या खोलीत ठेवलेलंच नाही. मोठ्यानं परत म्हणायचं नाही, फक्त शेवटचे चार आकडे म्हणायचे. तेवढ्यात तेल तापून धुरावलं तर धुरावलं.

काका मात्र दर वेळी रागावतात. "मागच्या वेळी दिला होता की तुला नंबर, वहीत बघ."

वही नाही काका.

"नाही म्हणजे? एवढा धंदा करतेस आणि वही नाही?"

यंदा त्यांचं नवीन कार्ड आलं. हल्लीच्या काही कार्डांवर पुढं काहीच नसतं, उठावदार आकडे गेले, सगळं मागच्या बाजूला बारीक छापलेलं. काकांना भिंगातूनही दिसेना. लिंक पाठवू का म्हटलं तर परत तेच, बँकेनं सांगितलंय. मग म्हणाले थांब, आणि रिसीव्हर टेबलावर ठेवून शेजारच्या मार्गारेटला हाक मारायला गेले. मला मागून दार उघडल्याचा आवाज, कुत्रा, मग ती बाई हसत फोनवर. शेजारणीकडून कार्ड वाचून घेणं हे माझ्या कुठल्याच फॉर्ममध्ये बसत नाही हे मला कळत होतं, पण काका तिच्या शेजारीच उभे होते, एकेचाळीस वर्षं शेजारी राहतेय म्हणाले, आणि मी पुढं काही विचारलं नाही. तिनं डबल फोर, ट्रिपल सेव्हन असं करत घडाघडा सांगितलं, आणि मला ते परत विचारावं लागलं, कारण काकांच्या नंबराला माझे कान आता मराठीच झालेत. पोस्टकोड जुळला. तीन आकडे जुळले.

मग तिनं विचारलं, ते गोल काटेरी असतं ते अर्धा किलो मिळेल का. अडीचशे ग्रॅमचीच पाकिटं असतात म्हटलं, दोन देते. "हे घ्या माझं कार्ड," म्हणाली. मी तिला विचारलं तिळाची ॲलर्जी आहे का.